बोडीटोल्याचा स्वेड

मुलगी बघायला जाणारे लोक टोपी सरळ करतात, मिशीला तेल लावतात, खिशाला पेन अडकवतात. सगळं फुकट! पाहुण्यांसमोर मुलीची मान खाली असते. आणि खाली मान घातलेल्या मुलीला काय दिसतं? पाय! तेव्हा ज्याचे पाय झकास, त्याचं लग्न पक्कं!

हा शोध चांद्याच्या कचेरीतले कारकून गुणवंतराव यांचा. कचेरीत तो त्यांनी सगळ्यांना ऐकवला होता, दारावरच्या चपराशालासुद्धा. शोध सिद्ध करायला नागपूरहून जोडाही आणला होता. असातसा नव्हे. स्वेडचा! रंग मोहाच्या वाळल्या फुलाचा. अंगावर बारीक, मऊ लव. बोट एकीकडे फिरवलं की सावली पडायची, उलटं फिरवलं की उजेड. वाऱ्याची झुळूक भरत आलेल्या धानावरून जावी आणि सगळी बांधी, म्हणजे अख्खं खाचर, रंग बदलून घ्यावी, तसं. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हा पायात घालायचा नाही, मिरवायचा!" आणि गुणवंतरावांनी ते अक्षरशः पाळायचं ठरवलं होतं.

मुलगी होती चामोर्शीजवळच्या बोडीटोल्याची. नाव अन्नपूर्णा. मागच्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गुणवंतरावांनी तिला एकदाच बघितलं होतं. कासारानं चढवलेली बांगडी तिच्या हातात फुटली आणि ओरडायचं सोडून ती खळखळून हसली होती. तेवढंच! पण तेव्हापासून हे गृहस्थ टाक शाईत बुडवायचे आणि लिहायचं विसरायचे. शाई वाळायची, साहेब ओरडायचे, आणि यांना ऐकू यायची फुटकी बांगडी.

चिमूरच्या लटारूमामांनी खटपट करून बोलणं जुळवत आणलं. पण निघताना त्यांनी भाच्याला बजावलं, "हे पाह्य गुणवंता, देवाजीची पोट्टी बापाची लाडकी आहे. तिनं 'नाई' म्हटलं का संपलं. मागच्या पाहुन्यानं त्यायच्या घरच्या चहाले नाक मुरडलं, तं पोट्टीनं आतूनच 'नाई' सांगतलं. तो बिचारा चहा अर्धा ठेवून उठला. तू फुशारक्या मारू नको!"

"मामा, मी एक शब्द बोलणार नाही," गुणवंतराव म्हणाले. "जोडा बोलेल."

चांद्याला नोकरी लागल्यापासून गुणवंतराव 'मले-तुले' म्हणायचे बंद झाले होते. आता ते 'मला-तुला' म्हणत आणि 'ण' असा उच्चारत की समोरच्यानं डोळे मिटून घ्यावेत.

वैनगंगेला अजून भरपूर पाणी होतं. दसरा तोंडावर आलेला, पण पाऊस जायचं नाव घेत नव्हता. घराघरांत भिंती ओल्या, पापड मऊ, आणि खुंटीवर टांगलेल्या चामड्याच्या प्रत्येक वस्तूवर पांढरी मिशी उगवलेली. डोंग्यातून नदी ओलांडताना गुणवंतरावांनी जोडा पंच्यात बांधून डोक्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"पालखी हाये का जी?" डोंगा वल्हवणाऱ्यानं विचारलं.

"जोडा आहे."

"आमच्याकडं पायात घालते," तो म्हणाला आणि वल्हवत राहिला.

मामांची मात्र उत्सुकता चाळवली. "का आहे रे एवढं त्याच्यात?"

एक शब्द न बोलण्याची प्रतिज्ञा तिथंच पाण्यात पडली! "मामा, हा स्वेड. स्वेड म्हणजे स्वीडन. देश आहे तो. उत्तरेला, बर्फाचा. तिथले हातमोजे पॅरिसच्या बाया वापरायच्या. त्यांना त्या म्हणायच्या स्वीडनचे हातमोजे. बोलता बोलता हातमोजे गळाले, आणि देशाचं नाव त्या चामड्याला चिकटलं!"

मामांनी बोटांवर हिशेब मांडला. "म्हंजे देशाचं नाव मोज्याले, अन् मोज्याचं नाव पायातल्या जोड्याले?"

"तसंच!"

"अन् विलायती तं नाई ना हे? बेचाळीसात आमी चिमुरात विलायती कापड जाळून बसलो. आता भाचा विलायती जोडा डोक्यावर घेऊन चाललाय, असं कोनी पाह्यलं तं मले तोंड दाखवाले जागा नाई."

"मामा, विलायत वेगळी, स्वीडन वेगळा! स्वीडननं आपल्यावर कधी राज्य केलं नाही."

"कराले वेळ भेटला नसंल." मामांनी पंचा किंचित उचकटून आत बघितलं. "आन् इथी तं 'कानपूर' लिहून आहे रे!"

"शिवला कानपुरात. नाव स्वीडनचं."

"म्हंजे निस्तं नावच आलं बोटीत बसून!" मामा म्हणाले. "बरं, अन् हे केसं कायचे? जनावराचं कातडं नीट भादरलं नाई का?"

"ही चामड्याची आतली बाजू. ती बाहेर काढून, घासून घासून मऊ करतात."

"म्हंजे उलटा शिवला!"

यावर गुणवंतरावांनी नदीकडे तोंड फिरवलं.

देवाजीच्या अंगणात पाय ठेवण्याआधी, बांधाच्या कडेला बसून त्यांनी पाय पुसले, जोडा चढवला, आणि असे चालत निघाले की जणू जमीन त्यांच्या जोड्याला भेटायला वर येत होती. देवाजी सामोरा आला. धिप्पाड, हसरा, आवाज बांधाच्या पलीकडे जाणारा. "या जी पाहुने! या मामाजी! आना वं पानी!"

तांब्याभर पाणी आलं. पाय धुवायला!

आणि त्या क्षणी, उजवा पाय हवेत धरून, गुणवंतरावांच्या लक्षात आलं की शोधात एक बारीकशी चूक राहून गेली आहे. घरात जोडा घालून कोणी जात नाही! लहानपणापासून जी गोष्ट ते रोज करत आले, तीच नेमकी हिशेबातून सुटली होती. चांद्याच्या कचेरीत साहेब बूट घालून बसतो, तेच डोळ्यांपुढे राहिलं असावं.

जोडा काढावा लागला. ओसरीच्या कडेला, बारा ठिकाणी चिखल लागलेल्या वहाणांच्या शेजारी, स्वीडन उघडा पडला! गुणवंतरावांनी त्याची तोंडं आतल्या दाराकडे वळवली. म्हणजे मुलगी बाहेर आली की निदान तिरकी नजर तरी पडेल. मग सतरंजीवर बसले, पण मान काही जाग्यावर राहीना. देवाजी धानाबद्दल बोलायचा, हे जोड्याकडे बघायचे. देवाजी नदीबद्दल विचारायचा, हे म्हणायचे, "हं," आणि पुन्हा जोड्याकडे. अंगणातून एक शेपूटतुटका गोऱ्हा सहज तिकडे वळला, तर हे अर्धे उठलेच!

देवाजी समजूतदार माणूस. पाहुण्याला कुत्र्यामांजराची धास्ती वाटते, हे त्यानं ताडलं. "काई काळजी करू नका जी!" म्हणत त्यानं जोडा उचलला आणि मोठ्या मायेनं आत नेला. "आत सयपाकखोलीच्या दाराशी ठेवतो. तिथी आमची मंडळी आहे."

गुणवंतरावांचा चेहरा उजळला. आत! म्हणजे थेट मुलीच्या डोळ्यांसमोर! जोडा स्वतःच्या पायानं गेला असता तरी इतक्या आत पोचला नसता!

थोड्या वेळानं आतून आवाज येऊ लागला. खर्र... खर्र... खर्र...

"खोबरं किसून राह्यले वाटते," मामा कानात पुटपुटले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आपल्यासाठी," गुणवंतराव पुटपुटले. "जोड्याचा प्रभाव."

मग वास आला. टोळीच्या तेलाचा, म्हणजे मोहाच्या बियांतून काढतात त्या तेलाचा. गरम, दाट, नाकात घर करणारा.

"वडे!" मामा म्हणाले.

"खोबरं आणि वडे!" गुणवंतराव म्हणाले. लग्न ठरल्यातच जमा होतं.

तेवढ्यात अन्नपूर्णा बाहेर आली. हातात उकडलेल्या शिंगाड्यांचं ताट, हिरवं लुगडं, मान खाली. अगदी शोधात लिहिल्याप्रमाणे! पण खाली बघून तिला दिसली ती गुणवंतरावांची उघडी, धुतलेली, मामुली दहा बोटं. त्यांनी पाय घाईनं धोतराखाली ओढून घेतले.

मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, नाव काय, शिकली किती, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करता येतो का. तिनं उत्तरं दिली. चौथीपर्यंत, आणि रोवणा येतो. मग मामांनी भाच्याला कोपरानं ढोसलं, "तुले विचाराचं असंल तं विचार."

गुणवंतराव खाकरले. "आपण... आत जोडा बघितला असेल?"

"पाह्यला."

"तो स्वेड!" आणि प्रतिज्ञेचं जे काही उरलं होतं तेही वाहून गेलं. स्वीडन आला, बर्फ आला, पॅरिसच्या बाया हातमोजे घालून आल्या. अन्नपूर्णेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. देवाजीनं तर तोंड उघडं ठेवून ऐकलं.

"तं तिथी बर्फात घालते का असा जोडा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तर!"

"भिजत नाई?"

"छे छे! स्वेड भिजवायचा नसतो. पाण्याचा थेंब पडला तरी डाग पडतो. सगळी किंमत त्या वरच्या लवेत!"

"मंग बर्फात काऊन घालते?"

मामा शिंगाड्याचं साल मन लावून सोलू लागले. गुणवंतराव उत्तर शोधत होते, पण उत्तर बहुधा स्वीडनमध्येच राहिलं होतं. आणि अन्नपूर्णेच्या खाली घातलेल्या चेहऱ्यावर ओठांचा कोपरा जरासा हलला. पण लगेच काहीतरी आठवल्यासारखी तिनं झटकन आत बघितलं. "वरची लव?" ती हळूच म्हणाली. "त्यातच किंमत?" आणि ताट तिथंच टेकवून ती आत पळाली.

उशीर झाला होता! दारात तिची आई रुखमाबाई उभी. कपाळावर घाम, हातात पाट, पाटावर जोड्यातला एक. काळाभोर, गुळगुळीत, डोहातून नुकत्याच वर आलेल्या म्हशीसारखा चमकणारा!

गुणवंतरावांनी कौतुकानं बघितलं. "वा! हा कोणाचा? जंगलखात्याच्या नाकेदारांचा?"

"तुमचाच जी, पाहुने!" रुखमाबाई संकोचानं हसली. "एवढी बुरशी धरली होती माय! बोट ठेवलं तं मऊ मऊ. मी म्हटलं, पाहुन्याच्या जोड्याले आमच्या घरात बुरशी लागली, असं कोनी म्हटलं तं का राहील? विळ्याच्या पाठीनं खरडून खरडून काढली. मंग टोळीचं तेल गरम करून चोपडलं. एक झाला. दुसरा आता घेतोच."

खोबरं नव्हतं. वडेही नव्हते.

गुणवंतरावांच्या घशातून जो आवाज निघाला तो ना शुद्ध मराठी होता ना झाडीबोलीतला. रुखमाबाईचं हसू मावळलं. "काई... काई चुकलं का जी?"

देवाजी बघत होता. मामांनी डोळे मिटले होते. आणि आईच्या खांद्यामागून अन्नपूर्णा बघत होती. तिला ठाऊक होतं! त्या घरात फक्त तिलाच पुरतं उमगलं होतं की विळ्यानं काय खरडलं गेलं. 'सगळी किंमत त्या वरच्या लवेत' हे शब्द अजून ओसरीवर गरम होते. बापाला ते ऐकूनही मेळ लागला नव्हता. आई तर विळ्याच्या खरखरीत होती. आता हा गृहस्थ काय म्हणतो, याची ती वाट बघत होती. तिचा चेहरा मघासारखा हसरा नव्हता. चहाला नाक मुरडणाऱ्या पाहुण्याच्या वेळी असाच झाला असावा.

गुणवंतरावांनी आवंढा गिळला. त्या आवंढ्याबरोबर स्वीडन, पॅरिस, नागपूरचा दुकानदार आणि दोन महिन्यांची हौस, सगळं खाली गेलं.

"नाही हो बाई," ते म्हणाले. "चुकलं कुठं? बुरशीच होती ती. चांद्याला फार लागते."

मामांनी एक डोळा उघडला.

"तरी मी म्हनून राह्यली!" रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. "मंग दुसराही करून टाकतो."

जोड्यातला दुसरा अन्नपूर्णेनं आधीच उचलून घेतला होता. "हा राहू द्याचा का?" तिनं विचारलं. आईला नव्हे, थेट त्यांना. तो अजून तसाच होता, मोहाच्या फुलासारखा, आणि तिचा अंगठा नकळत त्या लवेवरून फिरत होता. सावली, उजेड. सावली, उजेड.

"एक पाय स्वीडनात अन् एक बोडीटोल्यात?" मामा म्हणाले. "चालंल कसा?"

गुणवंतराव काही बोलणार, तोच रुखमाबाई म्हणाली की आधी या तेल लावलेल्याला उन्हं दाखवते. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. जास्तीचं तेल ओढून घ्यावं म्हणून तिनं जोड्यावर धानाचा कोंडा भुरभुरला आणि तो अंगणात दगडावर ठेवला.

आता तुम्हीच सांगा! टोळीचं तेल, वर कोंडा, आणि उन्हानं सुटलेला दरवळ. माणसाला ही वस्तू जोडा दिसते. गोऱ्ह्याला ती काय दिसावी? ढेप! पेंडीची अख्खी, ताजी, कोणी न बांधता समोर ठेवलेली ढेप! शेपूटतुटका गोऱ्हा आला, हुंगला, जीभ फिरवली, आणि अख्खा जोडा तोंडात धरून निवांत चघळत बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, दिशेनं निघाला.

गुणवंतरावांनी बघितलं आणि त्यांच्यातला चांद्याचा कारकून जागच्या जागी मेला.

"अरे बापा रे! माहा जोडा! धरा त्याले! धरा! लेकाचा खाऊन राह्यला ना माहा जोडा!"

आणि अनवाणी, धोतर गुडघ्यावर, टोपी ओसरीत, असे ते सुटले! मागून देवाजी, मागून मामा, मागून टोल्यावरचं निम्मं गाव. आपल्या मागं माणसं लागली म्हटल्यावर गोऱ्हाही पळाला. बांधावरून बांधावर, धानातून, पुन्हा बांधावर. गुणवंतरावांनी शेवटी त्याच्या शिंगाला हात घातला, तोच गोऱ्ह्यानं मान झटकली, आणि पाहुणे बोडीच्या काठच्या चिखलात असे रोवले गेले की रोवणाऱ्यांनीही त्यांच्याकडून शिकावं! गोऱ्हा पाण्यात शिरला. मधोमध उभा राहून, डोळे मिटून, चघळत राहिला. शेवटी कंटाळून त्यानं जे काही उरलं होतं ते पाण्यात सोडलं. वर आलं ते कानपूर लिहिलेलं तळव्याचं कातडं, आणि तेही शिंगाड्याच्या वेलांत अडकून परत बुडालं.

गुणवंतराव परत आले ते ओळखू येत नव्हते. देवाजीनं त्यांना स्वतःचं धोतर दिलं, अंगरखा दिला, आणि पायांत घालायला स्वतःच्या वहाणा. दोन बोटं मोठ्या, आणि पावलागणिक कर्र-कर्र करणाऱ्या! ओसरीवर बसून त्यांनी मान अशी खाली घातली की बघायला आलेला कोण आणि दाखवायला आणलेला कोण, तेच कळेना. आता आतून 'नाई' यायचं तेवढं बाकी होतं. त्यांनी मनातल्या मनात टोपी शोधली.

आतून आलं ते हसू. खळखळ, आवरून न आवरणारं. मार्कंड्याला बांगडी फुटली तेव्हाचं.

मग देवाजी बाहेर आला, डोळे पुसत. "पोट्टी हाव म्हनते जी, मामाजी."

"आँ?" मामा दचकले. "काऊन?"

"म्हनते, पाहुने बोलाले लागले का आपल्यातलेच निघते." देवाजीनं डोकं खाजवलं. "आनखी बी काई म्हनाली. बुरशीचं काईतरी. मले नाई समजलं."

गुणवंतरावांना समजलं. उभ्या आयुष्यातली ती त्यांची पहिलीच गप्प बसण्याची वेळ.

लग्न झालं. अन्नपूर्णा चांद्याला आली. उरलेला एकटा स्वेड मात्र बोडीटोल्यातच राहिला. एका जोड्याचं करायचं काय? देवाजीनं पुढच्या पावसाळ्यात तो भोपळ्याच्या मांडवाला टांगला. वेलाला दृष्ट लागू नये म्हणून जुना जोडा टांगायचा तिकडं रिवाजच आहे. पण हा काही ऐरागैरा जोडा नव्हता! आल्यागेल्याला देवाजी सांगू लागला, "स्वेड आहे हा! याचा देश बर्फाचा आहे. आमच्या जावयाचा." त्या वर्षी भोपळे लागले ते दोघांनी उचलावे असे. झालं! पुढच्या रोवण्याला बाया वाकून वाकून गाऊ लागल्या,

*वेल चढला मांडवा, फूल पिवळं आलं बाई,*
*जावयाच्या जोड्यापायी नजर त्याले नाई बाई!*

तीन-चार वर्षांनी गुणवंतराव सासुरवाडीला आले असताना चामोर्शीच्या बाजारात उभे होते. पायांत सासऱ्याच्या त्याच वहाणा, कर्र-कर्र करणाऱ्या. समोर धुरपता नावाची एक म्हातारी भोपळे घेऊन बसली होती आणि शेजारच्या बाईला झापत होती, "वेलाले स्वेड बांधला नाई काऊन? मंग कसे लागतीन भोपळे!"

गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. स्वीडन, पॅरिस, हातमोजे, सगळं घशाशी आलं. अन्नपूर्णा शेजारीच होती. तिनं नुसता पदर तोंडाशी नेला.

"बाई," गुणवंतरावांनी अदबीनं विचारलं, "स्वेड म्हणजे हो काय?"

म्हातारीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, वहाणांपाशी जरा थांबली, आणि कीव करून म्हणाली, "इतके शिकल्यासारखे दिसता जी, अन् स्वेड ठाऊक नाई? बिनजोडीच्या जोड्याले स्वेड म्हनते! जावयानं आनलेला पाह्यजे, अन् एक गोऱ्ह्यानं खाल्लेला पाह्यजे. बाजारातून इकत आनला तं गुन येत नाई!"